बाप्तिस्मा आणि शिष्यत्व : एका वाक्याचा अभ्यास

'बाप्तिस्मा' हा शब्द मराठी वाचकास अपरिचित नाही. परंतु तो कानी पडताच मनापुढे जे चित्र उभे राहते, ते बहुधा अपुरे असते. कोणास वाटते, बाप्तिस्मा म्हणजे आपल्या बारशासारखा बाळाचे नाव ठेवण्याचा समारंभ. कोणास वाटते, तो केवळ धर्म बदलल्याचा शिक्का. दोन्ही समजुतींना व्यवहारात थोडाबहुत आधार आहे. मात्र ख्रिस्ती धर्मशास्त्राने ज्या कारणासाठी या विधीस आपल्या सर्व संस्कारांचे महाद्वार मानले, ते कारण या दोहोंतही सापडत नाही. ते शोधावयाचे तर 'शिष्यत्व' हा दुसरा शब्द जवळ घ्यावा लागतो. हिंदू, ख्रिस्ती व मुसलमान मुले जेथे एका बाकावर बसून शिकतात, तेथे शेजाऱ्याच्या घरातील संस्काराचा अर्थ ठाऊक असणे हे शिक्षणाचेच अंग होय. एवढ्याच हेतूने आम्ही हा विषय येथे घेतला आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. 'बाप्तिस्मा' हा मूळचा ग्रीक शब्द. ज्या धातूपासून तो आला, त्याचा अर्थ बुडविणे, पाण्याखाली घालणे असा आहे. जहाज बुडाले तरी ग्रीक लेखक तोच धातू वापरीत. या अर्थावरून आपल्याच देशात एक मोठा वाद माजला होता, हे पुष्कळांना माहीत नसेल. श्रीरामपूर येथे विल्यम केरी व त्यांचे सहकारी बायबलची भाषांतरे करीत होते. मराठी नवा करारही तेथेच 1811 साली छापला गेला. ही मंडळी बाप्टिस्ट पंथाची. बाप्तिस्मा म्हणजे पाण्यात पूर्ण बुडविणेच, असा त्यांचा आग्रह. म्हणून बंगाली भाषांतरात या ग्रीक शब्दासाठी त्यांनी 'बुडविणे' या अर्थाचा देशी शब्द घातला. डोक्यावर पाणी ओतून बाप्तिस्मा देणाऱ्या पंथांना हे मानवेना. अखेर इंग्लंडातील बायबल सोसायटीने अशा भाषांतरास पैसा देण्याचे नाकारले आणि बाप्टिस्टांनी 1840 साली स्वतंत्र भाषांतर-संस्था स्थापन केली. एका शब्दाच्या भाषांतरापायी दोन संस्था विभक्त झाल्या! मराठीत ग्रीक शब्दच थोडा वळवून 'बाप्तिस्मा' असा ठेवल्याने ते भांडण टळले. पण शब्दातले पाणी वाचकास दिसेनासे झाले, ही त्याची किंमत. कॅथलिक मराठीत 'स्नानसंस्कार' हा शब्द आहे, त्यात ते पाणी दिसते. आम्हां कोंकणी भाषकांच्या घरी तो शब्द पोर्तुगिजांच्या वाटेने आला आणि बाळाचे 'पादीन' व 'मादीन' म्हणजे धर्मपिता व धर्ममाता यांनाही बरोबर घेऊन आला.

'शिष्य' या शब्दाची अशी अडचण नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'शिकणारा' असाच आहे. गुरूच्या मागे मागे चालत, त्याच्याबरोबर राहून, त्याचे बोलणे ऐकून आणि वागणे पाहून शिकणारा तो शिष्य, ही कल्पना आपल्या परंपरेस नवी नव्हे.

आता ज्या वाक्यात हे दोन शब्द एकत्र येतात, त्याकडे वळू. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अगदी शेवटी, पुनरुत्थित येशू अकरा शिष्यांना गालीलातील डोंगरावर निरोप देतो. सर्व राष्ट्रांतील लोकांस शिष्य करावे, पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने त्यांस बाप्तिस्मा द्यावा आणि आपण जे जे आज्ञापिले ते पाळावयास शिकवावे, असा त्या निरोपाचा आशय आहे. भाषांतरात ही वेगवेगळी आज्ञार्थी क्रियापदे वाटतात. मूळ ग्रीकात मात्र आज्ञार्थी क्रियापद एकच आहे, ते म्हणजे 'शिष्य करा'. जाणे, बाप्तिस्मा देणे आणि शिकविणे ही तिन्ही धातुसाधिते आहेत. व्याकरणाच्या तासाला कंटाळणाऱ्या विद्यार्थ्यांनी येथे जरा थांबावे. 'कणीक मळून, लाटून, भाजून पोळी कर' असे आई सांगते, तेव्हा तिला पोळी हवी असते. नुसती कणीक मळून ठेवली, तर सांगितलेल्या कामाचा एक भाग झाला हे खरे. पण पानात काही पडत नाही.

त्या वाक्याचा हा बांधा ध्यानात घेतला की ख्रिस्ती धर्माच्या इतिहासातील कितीतरी वाद उलगडू लागतात. बाप्तिस्मा देणे आणि शिकविणे ही शिष्य करण्याची दोन अंगे. त्यांतील एक अंग क्षणात उरकते व आयुष्यात एकदाच होते. दुसरे जन्मभर संपत नाही. जे क्षणात उरकते त्याची मोजदाद करता येते, नोंदवहीत तारीख घालता येते. दुसऱ्याची तारीख कोण घालणार? आमच्या मते पुढील बहुतेक अडचणींचे मूळ येथे आहे.

बाप्तिस्म्याचा आरंभ येशूपासून नव्हे. यार्देन नदीच्या काठी योहान लोकांना पश्चात्तापाचे स्नान घालीत होता आणि स्वतः येशूनेही त्याच्या हातून ते घेतले. योहानाचे स्नान मन पालटल्याची खूण होती. पुढे पौलाने रोम येथील मंडळीस पत्र लिहिले, तेव्हा त्याने या खुणेस याहून फार खोल अर्थ दिला. पाण्याखाली जाणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणे व पुरले जाणे. पाण्यातून वर येणे म्हणजे त्याच्याबरोबर नव्या जीवनात उठणे. हा विचार मराठी मनास कळण्यासारखा आहे. एखाद्या हक्कावर आपण 'पाणी सोडतो', म्हणजे तो कायमचा टाकतो. बाप्तिस्म्याच्या विधीतही पाण्यापूर्वी सैतानाचा व त्याच्या कृत्यांचा त्याग उच्चारावा लागतो. आपल्याकडे घरच्यांनी एखाद्याशी संबंध तोडला, की त्याच्या 'नावाने आंघोळ केली' असे म्हणतात. तो जिवंत असूनही मेला असे समजावयाचे. गेल्या शतकांत आपल्या प्रांतात ज्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांतील पुष्कळांना ही दोन्ही स्नाने एकाच वेळी भोगावी लागली. एक त्यांनी स्वतः नव्या जन्मासाठी केले, दुसरे घरच्यांनी त्यांच्या मरणाचे केले. पौलाचे 'मरण' हे अशांना नुसते रूपक वाटले नसेल.

प्राचीन मंडळीने शिक्षणाची बाजू ढिली सोडली नव्हती. 'दिदाखे' नावाच्या फार जुन्या ग्रीक पुस्तिकेत प्रथम जीवनाचा मार्ग आणि मरणाचा मार्ग यांचे शिक्षण येते व मगच बाप्तिस्म्याची रीत सांगितली जाते. वाहते पाणी असावे. ते नसल्यास दुसरे चालेल. थंड नसेल तर ऊन घ्यावे. तेवढेही नसल्यास मस्तकावर तीन वेळा ओतावे. घेणाऱ्याने आधी एकदोन दिवस उपवास करावा. पाण्याविषयी ही उदारता आमच्या लक्षात राहिली. अन्यत्र तर बाप्तिस्म्यापूर्वी तीन वर्षे शिकावे, असा दंडक आढळतो. शिष्यत्वाचा भार एवढा जड मानीत, की काही जण बाप्तिस्माच लांबणीवर टाकीत. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने 337 साली तो घेतला तो मरणशय्येवर.

पुढे लहान बालकांस बाप्तिस्मा देण्याची रीत सर्वत्र रूढ झाली आणि प्रश्नाचे रूप पालटले. जे मूल बोलूही शकत नाही, ते शिष्य कसे होणार? कॅथलिक व इतर अनेक मंडळ्यांचे उत्तर असे, की बाप्तिस्मा ही आधी देवाची देणगी आहे, माणसाची कमाई नव्हे. मूल आईबापांना ओळखण्यापूर्वीच घरचे होते, तसे ते मंडळीच्या विश्वासात स्वीकारले जाते. शिक्षण मागाहून येते. मात्र 'मागाहून' या शब्दात मोठे वचन दडलेले आहे. कॅथलिक पंथाच्या 1983 च्या धर्मसंहितेनुसार, ते मूल त्या धर्मात वाढविले जाईल अशी रास्त आशा नसेल, तर बाप्तिस्मा पुढे ढकलावा. आईबाप व पादीन-मादीन हातात मेणबत्ती घेऊन जी उत्तरे देतात, ती या वचनाची. जेवणावळीच्या गडबडीत याचा विसर पडतो, ही गोष्ट वेगळी!

याच्या उलट मत 21 जानेवारी 1525 रोजी झुरिक शहरात प्रकट झाले. तेथे काही तरुणांनी एका घरात जमून, बालपणी बाप्तिस्मा झालेला असतानाही, समजून उमजून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. प्रभूने आधी शिष्य करावयास सांगितले, मग बाप्तिस्मा, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रतिपक्षही त्याच वाक्याकडे बोट दाखवी आणि म्हणे, आधी बाप्तिस्मा, मग शिकविणे, असाच क्रम तेथे नाही काय? वाक्य एक आणि पक्ष दोन. त्या तरुणांपैकी फेलिक्स मान्झ यास 1527 च्या जानेवारीत लिम्मात नदीत बुडवून मारण्यात आले. पाण्याचा आग्रह धरणाऱ्यास पाण्यानेच शासन करावे, हा त्यातला क्रूर विनोद. हे करणारेही ख्रिस्तीच होते. आपल्या देशात याच वादाचा शेवट पुष्कळ शहाणपणाने झाला. 1970 साली अनेक प्रॉटेस्टंट पंथ मिळून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले, तेव्हा त्यात बालकांचा बाप्तिस्मा मानणारे होते आणि बाप्टिस्टही होते. दोन्ही रीती त्या मंडळीने मान्य ठेविल्या.

आता गोव्याच्या इतिहासाकडे वळताना जपून व निर्भीडपणे, असे दोन्ही प्रकारे बोलणे भाग आहे. सेंट फ्रान्सिस झेवियर 1542 च्या मे महिन्यात गोव्यास आले. हातात घंटा घेऊन ते रस्त्याने फिरत आणि मुलांना प्रश्नोत्तरे शिकविण्यास गोळा करीत, ही शिक्षकाची बाजू. पुढे त्रावणकोरच्या किनाऱ्यावर आपण एका महिन्यात दहा हजारांहून अधिक लोकांस बाप्तिस्मा दिल्याचे त्यांनी जानेवारी 1545 च्या पत्रात कळविले. तमिळ प्रार्थना पाठ करवून घेण्यासाठी त्यांनी जिवापाड कष्ट घेतले, यात संशय नाही. पण एका महिन्यात दहा हजार शिष्य घडतात काय, हा प्रश्न श्रद्धावंतानेही विचारावयास हवा. याहून कठीण गोष्ट अशी, की 1559 साली पोर्तुगालच्या राजाच्या नावाने हुकूम निघाला आणि गोव्यातील अनाथ हिंदू मुले बाप्तिस्म्यासाठी व शिक्षणासाठी सेंट पॉल महाविद्यालयाच्या स्वाधीन करावी असे ठरले. 1567 च्या गोव्यातील धर्मपरिषदेने बळाने कोणास धर्मात आणू नये, हे तत्त्व नमूद केले. पण त्याच परिषदेने हिंदू उपासनेवर व पुरोहितांवर निर्बंध घालण्याचा आग्रहही धरला. गुरूची निवड शिष्याने करावयाची असते; राजाच्या हुकुमाने शिष्य होत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 7 डिसेंबर 1965 रोजी धर्मस्वातंत्र्याची घोषणा केली आणि कोणासही श्रद्धेसाठी बळजबरी करता कामा नये, हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. आम्हांस वाटते, हा निर्णय शिष्यत्वाच्या मूळ अर्थातच होता. तो उघड होण्यास फार काळ लागला.

ज्यांना पाणी मिळाले पण शिक्षण मिळाले नाही, त्यांची भूक कोणत्या प्रकारची होती, याची साक्ष आपल्या भाषेतच आहे. 1579 साली गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' मराठीत रचिले. ते रायतूर येथे 1616 साली रोमन लिपीत छापले गेले. ग्रंथाच्या आरंभी एक नवख्रिस्ती श्रोताच अशी मागणी करतो, की आमची जुनी पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांस वाचावयास व ऐकावयास दुसरे काही द्यावे. त्या मागणीत तक्रार आहे आणि जिज्ञासाही आहे. बाप्तिस्मा झाला, आता शिकवा, असेच तो म्हणत आहे. स्टीफन्स यांनी उत्तर दिले ते ओवीत, ज्या छंदात त्या श्रोत्याचे कान घडले होते त्याच छंदात. शिकविणाऱ्याने प्रथम शिष्याची भाषा शिकावी, हे ज्याला उमगले असा हा गुरू.

शिष्यत्व म्हणजे नुसते पाठांतर नव्हे, याचा सर्वांत कठोर पुरावा समतेच्या प्रश्नात मिळतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो, की बाप्तिस्मा घेतलेल्यांत यहुदी आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री असा भेद उरत नाही. आपल्याकडील मुंजीस पूर्वापार द्विजत्वाचा, म्हणजे दुसऱ्या जन्माचा अर्थ आहे. बाप्तिस्म्यासही दुसरा जन्म म्हणतात. परंतु परंपरेने मुंज काही वर्णांच्या मुलग्यांपुरती राहिली, तर बाप्तिस्म्याचे दार तत्त्वतः सर्वांस उघडे. 'तत्त्वतः' हा शब्द आम्ही मुद्दाम घातला आहे. गोव्यातील चर्चच्या कोन्फ्रारियांत, म्हणजे उत्सव व सेवा पाहणाऱ्या बंधुसंघांत, जातिभेद दीर्घकाळ टिकून राहिला. एकाच कुंडातले पाणी ज्यांच्या मस्तकावर पडले, ते मिरवणुकीत मात्र आपापल्या जातीच्या रांगेत! आपल्या भाषेत याला पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात. जर्मनीत 1933 साली हिटलरच्या अनुयायांनी, यहुदी वंशात जन्मलेल्यांना बाप्तिस्मा झालेला असला तरी चर्चच्या पदांवर राहू देऊ नये, असा नियम आणला. तरुण धर्मपंडित डीट्रिख बोनहोफर यांनी त्यास विरोध केला. रक्त पाहून बाप्तिस्मा खोटा ठरविणारे चर्च हे चर्चच नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. 1937 साली त्यांनी शिष्यत्वावरच ग्रंथ लिहिला. शिष्यत्वावाचून वाटलेला बाप्तिस्मा म्हणजे देवाच्या कृपेची स्वस्त विक्री, असा त्यात त्यांचा आरोप आहे. 9 एप्रिल 1945 रोजी त्यांना फाशी देण्यात आले.

मराठी वाचकांसाठी या विषयाचे सर्वांत जिवंत भाष्य दोन चरित्रांत आहे आणि त्यांत क्रम एकमेकांच्या उलट आहे. पंडिता रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे, लहानग्या मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. संस्कृत शास्त्रांत मुरलेली ही पंचवीस वर्षांची विदुषी आपल्या ख्रिस्ती शिक्षिकांचे म्हणणे निमूट मानणारी नव्हती. त्रैक्यासारख्या सिद्धांतांवर ती पत्रांतून वाद घाली. जे बुद्धीस पटत नाही ते केवळ अधिकाराच्या जोरावर आपण स्वीकारणार नाही, हे स्पष्ट सांगे. पुढे 1907 साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी सांगितले, की आपणास ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्या ध्यानी आले. म्हणजे पाणी आधी, शिष्यत्व नंतर. ते आले तेव्हा असे आले, की केडगावच्या मुक्तिसदनात शेकडो अनाथ मुली व विधवा यांना आसरा मिळाला. आणि हिब्रू व ग्रीक शिकून बाईंनी संपूर्ण बायबल मराठीत आणले.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उलट झाले. 1893 साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. ते वाचीत गेले, गुंतत गेले. मनाने शिष्य झाले, तरी बाप्तिस्मा घेण्यास 10 फेब्रुवारी 1895 उजाडला. मध्ये पत्नी होती, मूल होते, सारे गणगोत होते. बाप्तिस्म्याने संसार मोडला. लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षे दूर राहिल्या. त्या वर्षांचे वर्णन 'स्मृतिचित्रे'मध्ये आहे. ज्या विद्यार्थ्यांनी ते पुस्तक वाचले नसेल, त्यांनी ग्रंथालयातून आजच मागून घ्यावे. शिष्यत्वाची किंमत शिष्याच्या घरच्यांनाही कशी भरावी लागते, हे धर्मशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात इतक्या हसत-रडत सांगितलेले नाही. पुढे लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला, तो पतीच्या आज्ञेने नव्हे. अस्पृश्यतेविषयीचे त्यांचे स्वतःचे विचार पालटले, त्यातून त्यांची वाट निघाली.

टिळकांची कथा येथे संपत नाही. बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी, 1917 साली, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हणणाऱ्या या कवीच्या डोळ्यांपुढे वारकऱ्यांचा मेळा असावा, असे आम्हांस वाटते. तेथे गळ्यात माळ घातली की वारी चुकवावयाची नाही. माळेचा अर्थ पायांनी सिद्ध करावयाचा. दरबारात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, असे ख्रिस्ताचे दोन्ही प्रकारचे शिष्य बंधुभावाने एकत्र यावे, अशी त्यांची योजना होती. बाप्तिस्मा टिळकांनी कमी लेखला नाही. त्यासाठी त्यांनी सर्वस्व गमावले होते. तरीही ज्यांच्या वाटेत तसेच घर, तसेच गणगोत आडवे आले आणि ज्यांचे पाऊल पाण्यापर्यंत पोचले नाही, त्यांना त्यांनी दाराबाहेर ठेविले नाही. पुष्कळ धर्मपंडितांस हे रुचण्यासारखे नव्हते, कारण त्या वाक्यात बाप्तिस्मा ऐच्छिक म्हणून सांगितलेला नाही. टिळकांची नजर वाक्यातील एकुलत्या एका आज्ञार्थी क्रियापदावर होती. दरबारास पुरता आकार येण्यापूर्वीच, 9 मे 1919 रोजी, मुंबईस त्यांचा अंत झाला. हाती घेतलेले 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले.